प्रकल्प नोंदी: फसफसलेलं अमृत कोकम आणि एका वलयाचे भाऊबंद

११ एप्रिल

अकरावीच्या परीक्षा आटोपल्या. बारावीचे तास सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर तिघांना घेऊन हा प्रकल्प करायचा: ऋतुजा, निदा आणि सोहम. पहिलं काम एवढंच दिलं होतं की, घरचं फडताळ आणि औषधांचा डबा उघडायचा आणि प्रत्येक बाटलीवरचं, पाकिटावरचं बारीक अक्षर वहीत उतरवून आणायचं.

तिघांनीही मन लावून उतरवलंय. टोमॅटो सॉसवर ‘परिरक्षक २११’. लिंबाच्या सरबतावर ‘३३०’. नायट्याच्या मलमावर ‘बेन्झोइक आम्ल ६ टक्के, सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के’. पायाच्या कुरूपावर चिकटवायच्या पट्टीवर ‘सॅलिसिलिक आम्ल ४० टक्के’. सोहमच्या आजोबांच्या हृदयाच्या गोळीवर ‘ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ’. डेटॉलवर ‘क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के’.

निदाने वहीत २११ आणि नायट्याचं मलम यांच्यामध्ये बाण काढला होता. म्हणाली, “मॅडम, २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, बेन्झोइक आम्लाचाच क्षार. मग सॉसमध्ये आणि नायट्याच्या मलमात एकच औषध कसं?”

या एका प्रश्नावर पुढचे दोन महिने काढता येतील. फळ्यावर बेन्झीनचं षटकोनी वलय काढलं. एका कोपऱ्याला कार्बोक्सिल गट लावला की बेन्झोइक आम्ल. त्याच्या शेजारच्या कोपऱ्याला हायड्रॉक्सिल लावा, सॅलिसिलिक आम्ल झालं. त्या हायड्रॉक्सिलवर ॲसिटिल बसवा, ॲस्पिरिन झालं. कार्बोक्सिल नाहीच, नुसतं हायड्रॉक्सिल, तर फिनॉल. त्या फिनॉलवर दोन मिथिल आणि एक क्लोरीन बसवलं की डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल. परिरक्षक, मलम, गोळी, जंतुनाशक, सगळे एकाच वलयाचे भाऊबंद. नेमून दिलेल्या विषयाचं नाव खोडलं आणि वहीवर हेच लिहिलं.

१५ एप्रिल

आज प्रकल्पाला खरं काम मिळालं. शेजारच्या काकू बचत गटासाठी दरवर्षी अमृत कोकम करतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी लिटरच्या २२ बाटल्या भरल्या. श्रावणात पहिल्या आठ-नऊ बाटल्या फुगल्या आणि झाकणं उडून सरबत फसफसत बाहेर आलं. मागाहून भरलेल्या बाटल्या मात्र आजतागायत धड आहेत. पातेलं एक, रातांबे एका झाडाचे, साखर एका पोत्यातली. ओळखीच्या गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले, हे त्यांच्या मनाला फार लागलंय.

झाकणांवर त्यांनी मार्करने नंबर घातलेले असतात, त्यामुळे कुठली बाटली कधी भरली ते कळतं. २, १४ आणि २२ नंबरच्या बाटल्या घेऊन आल्या. दोन नंबरची उघडली तर ताडीसारखा वास. २२ नंबरच्या तळाशी पांढरे चकचकीत कण बसले होते. “माका वाटला साखर बसली,” काकू म्हणाल्या.

कृती विचारली. रातांब्याची सालं आणि साखर बरणीत थरावर थर, आठ दिवस रोज ढवळायचं, सुटलेला रस गाळायचा. विस्तव कुठेच नाही. म्हणजे सालीबरोबर आलेलं यीस्ट जिवंतच राहतं. त्याला थोपवतात तीन गोष्टी: आंबटपणा, साखर आणि शेवटी घातलेलं बेन्झोएट. साखर त्यांनी गेल्या वर्षी कमी केली होती, मुंबईची गिऱ्हाइकं ‘गोड कमी करा’ म्हणतात म्हणून. बेन्झोएट कसं घातलं? भरायच्या आधी, कोरडंच, चमच्याने, वरून भुरभुरवून. मग वगराळ्याने वरचं वरचं काढत बाटल्या भरल्या.

ऋतुजाने हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. मला तेव्हाच तळाच्या कणांचा संशय आला, पण मुलांना काही बोलले नाही.

१८ एप्रिल

२२ नंबरच्या तळाचे थोडे कण गाळून, थंड पाण्याने धुऊन, टिपकागदावर वाळवले. साखर की दुसरं काही, हे चाखून बघायचा मोह सोहमला झाला. प्रयोगशाळेतलं काहीही जिभेवर ठेवायचं नाही, हा नियम पुन्हा एकदा सांगितला.

दोन बशा घेतल्या. एकीत साखर, दुसरीत हे कण, चिमूट-चिमूट. दोन्हींवर काचेचं नरसाळं पालथं घालून नळीत कापसाचा बोळा बसवला आणि खाली मंद आच. साखर आधी वितळली, पिवळी झाली, मग काळी पडली आणि जिलबीच्या जळक्या पाकाचा वास सुटला. दुसऱ्या बशीत काळं काहीच झालं नाही. कण कमी कमी होत गेले आणि नरसाळ्याच्या आतल्या थंड काचेवर दहिवर पडावं तशा पांढऱ्या सुया उगवू लागल्या. बारीक, सरळ, एकमेकींना टेकून उभ्या. निदा काचेला नाक लावून बघत होती, तिला मागे ओढलं. बेन्झोइक आम्लाची वाफ घशात गेली की खोकल्याची उबळ येते.

सुया खरवडून त्यांचा द्रवणांक घेतला. १२१ ते १२२ अंश. बेन्झोइक आम्लाचा पुस्तकातला द्रवणांक १२२.

काकूंनी घातलं होतं सोडियम बेन्झोएट आणि तळाशी मिळालं बेन्झोइक आम्ल. मधल्या मधे सोडियम कुठे गेलं, हा प्रश्न मुलांना घरी न्यायला दिला.

२२ एप्रिल

उत्तर ऋतुजाने आणलं, आणि बरोबर आणलं: कोकमाच्या आम्लाने बेन्झोएटला हायड्रोजन दिला.

ते डोळ्यांनी दिसावं म्हणून साधा प्रयोग. चंचुपात्रात सोडियम बेन्झोएटचं दाट द्रावण घेतलं, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले. पहिल्या थेंबाला पांढरा ढग आला आणि ढवळल्यावर विरला. पुढच्या थेंबांना विरला नाही. मिनिटभरात पात्रात अभ्रकाच्या चुऱ्यासारखे चकचकीत पापुद्रे गरगरत होते. सोडियम बेन्झोएट पाण्यात भरपूर विरघळतं, बेन्झोइक आम्ल मात्र लिटरभर गार पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम. आंबट पाकात कोरडी पूड टाकली की ती पडते तिथेच आम्ल होऊन थिजते. पाक घट्ट, त्यात ते लवकर विरघळत नाही, आणि सावकाश तळाला जातं. काकूंच्या पातेल्यात हेच झालं असणार. वरच्या रसाला परिरक्षक पोचलंच नाही.

मग सोहमने विचारलं, “आम्ल करायचंच नसेल, तर थोडा सोडा घालून आंबटपणा कमी केला तर?” तसं केलं तर परिरक्षक विरघळेल, पण काम करणार नाही. यात बेन्झोएटची सगळी गंमत आहे, म्हणून तासभर तिथेच थांबलो.

यीस्टच्या पेशीला स्निग्ध पदार्थांचं आवरण असतं. त्यातून भारित बेन्झोएट आत जाऊ शकत नाही. हायड्रोजन धरून बसलेला, भार नसलेला बेन्झोइक आम्लाचा रेणू सहज पार होतो. आत गेल्यावर त्याला भेटतो पेशीतला जवळपास उदासीन रस. तिथे तो हायड्रोजन सोडतो, भारित होतो, आणि आता बाहेर पडायची वाट बंद. असे रेणू आत साठत जातात, पेशी आतून आंबट होत जाते आणि सगळी शक्ती ते आम्ल उपसण्यात घालवते. वाढायला तिच्याकडे काही उरत नाही.

किती रेणू भाररहित असतील ते पीएचवर, म्हणजे आंबटपणाच्या मापावर ठरतं; आकडा जितका कमी, तितकं आंबट. बेन्झोइक आम्लाचा पीके ४.२. त्या पीएचला निम्मे रेणू भाररहित. ३.२ ला ९१ टक्के. ५.२ ला ९ टक्के. ६.२ ला एक टक्का. काकूंच्या कोकमाचा पीएच मीटरवर २ च्या आसपास आला, म्हणजे जवळजवळ सगळेच रेणू कामाचे. कोकमासारखी जागा बेन्झोएटला दुसरी मिळायची नाही. हेच बेन्झोएट दुधात कितीही ओता, त्याचा फारसा उपयोग नाही. ‘परिरक्षक घातलंय ना, मग टिकेल’ असं घरोघरी म्हणतात, तेव्हा हा पीएच कुणाच्या मनातही येत नाही.

निदाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच मिळालं. नायटा ही बुरशी, यीस्टही बुरशीच्याच कुळातलं. मलमातलं बेन्झोइक आम्ल आणि सॉसमधलं २११ एकाच जातीच्या शत्रूशी लढतात. फरक प्रमाणाचा आहे. मलमात सहा टक्के, सॉसमध्ये टक्क्याचाही लहानसा अंश.

२६ एप्रिल

नुसता तर्क पुरेसा नाही, मोजलं पाहिजे. तिन्ही बाटल्यांतून ५० ग्रॅम नमुना घेतला, २२ नंबरचा तळ ढवळून. मीठ घालून आणि अल्कलीयुक्त करून ठेवला, गाळला, मग आम्लयुक्त करून बेन्झोइक आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये उतरवलं. पृथक्कारी नरसाळं हलक्या हाताने फिरवायचं असतं. सोहमने ताकाच्या घुसळणीसारखं हलवलं आणि दोन थरांच्या मधे असा पांढरा फेस बसला की तो फुटायला संध्याकाळ झाली. तो बिचारा नरसाळ्यापुढून हलला नाही. क्लोरोफॉर्म उघड्या खिडकीशी उडवून दिला, राहिलेलं अल्कोहोलमध्ये विरघळवलं आणि ०.०५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन केलं. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे ७.२ मिलिग्रॅम सोडियम बेन्झोएट.

२ नंबर: १.३ मिलि. १४ नंबर: ३.९ मिलि. २२ नंबर: ११.६ मिलि.

हिशेब निदाने फळ्यावर केला. किलोमागे सुमारे १८७, ५६२ आणि १६७० मिलिग्रॅम. एकाच पातेल्यातल्या तीन बाटल्या. पहिलीत नऊपट कमी, आणि शेवटची टिकली असली तरी विकायच्या लायकीची नाही. नियमातली मर्यादा पदार्थागणिक वेगळी असते आणि ती बेन्झोइक आम्ल म्हणून मोजतात, त्यामुळे सोडियम बेन्झोएटच्या आकड्याला ०.८५ ने गुणावं लागतं. त्या मोजमापातही २२ नंबर चौदाशेच्या वर जाते. काकूंना ‘मागच्या बाटल्या धड आहेत’ याचं समाधान होतं. त्यांना हे सांगायचं कसं, याचा मी घरी जाईपर्यंत विचार करत होते.

फेस फुटायची वाट बघताना मुलांना डॉ. हार्वे वायली यांची गोष्ट सांगितली. १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात त्यांनी बारा तरुण जेवायला बसवले आणि त्यांच्या अन्नात त्या काळी बाजारात सर्रास वापरली जाणारी परिरक्षकं मोजून घातली: बोरॅक्स, सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेन्झोइक आम्ल, फॉर्मल्डिहाइड. लोक त्यांना ‘विष पथक’ म्हणत. या कामाने उठलेल्या चर्चेचा १९०६ च्या अन्न व औषध कायद्याला मोठा हातभार लागला. आज कुठल्याही देशात असा प्रयोग करू देणार नाहीत, पण किती प्रमाणात काय होतं हे मोजूनच कळेल, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. त्या यादीतलं सॅलिसिलिक आम्ल पुढे अन्नातून गेलं. त्याचा सख्खा भाऊ बेन्झोइक मात्र राहिला.

२ मे

आज भावांची ओळखपरेड. हत्यार एकच, उदासीन फेरिक क्लोराइड.

बेन्झोएटच्या द्रावणात थेंब टाकले, तांबूस-पिवळट, मुलतानी मातीच्या रंगाचा साका बसला. सॅलिसिलिक आम्लात टाकले, गर्द जांभळा रंग. कुरूपाच्या पट्टीचा तुकडा अल्कोहोलात भिजवून घेतला, जांभळा. वलयाला थेट चिकटलेलं हायड्रॉक्सिल मोकळं असलं की हा रंग येतो. पॅरासिटामॉलमध्येही तसं हायड्रॉक्सिल आहे, त्यानेही निळसर जांभळा दाखवला, म्हणून नुसत्या रंगावरून नाव ठरवायचं नाही असं वहीत लिहिलं.

ॲस्पिरिनमध्ये हायड्रॉक्सिलवर ॲसिटिलचं झाकण असतं. त्यामुळे ताज्या गोळीला रंग जवळजवळ येत नाही. नव्या पट्टीतली गोळी खलात कुटून, अल्कोहोलात ढवळून, गाळून पाहिली. अगदी पुसट छटा.

मग सोहमने खिशातून एक पत्र्याची डबी काढली. आजोबांची. आजी महिन्याच्या गोळ्या पट्टीतून सोडवून तिच्यात ठेवते, म्हणजे त्यांना रोज पट्टी फाडायचा त्रास नको. या डबीत गेल्या पावसाळ्यातल्या काही राहून गेल्या होत्या. झाकण उघडलं आणि टेबलापलीकडे बसलेल्या ऋतुजाने विचारलं, “व्हिनेगर कुणी आणलं?”

त्यातली एक गोळी कुटली. फेरिक क्लोराइडचा पहिला थेंब पडताच परीक्षानळी जांभळाच्या रसासारखी झाली.

कोकणातल्या दमट हवेने केलेलं हे काम. पाण्याचा अंश गोळीत शिरतो, ॲसिटिल गट सुटतो आणि ॲसेटिक आम्ल होऊन उडतो, तोच व्हिनेगरचा वास. मागे उरतं सॅलिसिलिक आम्ल.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती मी आज मुलांकडून तीनदा वदवून घेतली. हृदयाच्या रुग्णाला ७५ मिलिग्रॅमची गोळी देतात ती या ॲसिटिलसाठीच. रक्तातल्या बिंबिकांमध्ये (प्लेटलेट्समध्ये) एक विकर (एन्झाइम) असतं, त्याच्या मदतीने त्या एकमेकींना चिकटायचा निरोप तयार करतात. ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट त्या विकरावर कायमचा डकवून देतं. बिंबिकेला केंद्रक नसतं, नवं विकर ती बनवू शकत नाही, म्हणून तिचं आठ-दहा दिवसांचं उरलेलं आयुष्य ती तशीच राहते. एवढीशी मात्रा रोज पुरते ती त्यामुळे. आणि तोच ॲसिटिल डबीच्या हवेत व्हिनेगर होऊन उडून गेला असेल, तर गोळी दिसायला तशीच, पण तिच्यातलं कामाचं माणूस निघून गेलेलं.

सोहम बराच वेळ डबीकडे बघत होता. संध्याकाळी त्याने आजीला सगळं समजावून सांगितलं, उरलेल्या गोळ्या बाजूला काढल्या, औषधाच्या दुकानातून नवी पट्टी आणली आणि गोळी खायच्या वेळीच पट्टीतून काढायची असं ठरलं. रात्री त्याचा फोन आला होता.

६ मे

आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची गोळी. सोहमच्याच नव्या पट्टीतल्या दोन, आजोबांच्या परवानगीने. एक ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात, म्हणजे साधारण जठरातल्या आंबटपणाइतक्या, दुसरी खायच्या सोड्याच्या द्रावणात. आम्लातली दोन तास जशीच्या तशी, चकचकीत. सोड्यातलीचं आवरण सुरकुतलं, एका कडेने सुटलं आणि आतून पांढरी पूड बाहेर पडली. आवरणाच्या बहुवारिकावर (पॉलिमरवर) कार्बोक्सिल गट असतात. आम्लात ते भाररहित, न विरघळणारे. पीएच वाढला की भारित होऊन विरघळतात. बेन्झोएटचाच धडा, फक्त औषधाच्या कारखान्यात वापरलेला.

ही खटपट का, तेही बेन्झोएटनेच शिकवलंय. ॲस्पिरिनचा पीके साडेतीनच्या आसपास. जठरात ते भाररहित असतं, अस्तराच्या पेशीत शिरतं, आत भारित होऊन अडकतं. यीस्टचं जे होतं, तेच इथे आपल्या पेशीचं होतं. शिवाय जठराचं अस्तर सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स ॲस्पिरिनमुळे कमी होतात, आणि हा परिणाम रक्तावाटे होत असल्याने आवरणाने तो टळत नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन्स रोखतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. बायरच्या कारखान्यात फेलिक्स हॉफमनने शुद्ध ॲस्पिरिन बनवलं ते १८९७ साली. चौऱ्याहत्तर वर्षं जग ही गोळी खात होतं आणि ती नेमकी कशी काम करते ते कुणाला माहीत नव्हतं.

दोन गोष्टी पालकांसाठी चौकटीत लिहिल्या: आवरणाची गोळी मोडायची, कुटायची नाही. आणि पावसाळ्यातल्या तापाला आपल्या मनाने ॲस्पिरिन द्यायचं नाही, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

११ मे

काकूंकडे पन्ह्यासाठी आणलेलं केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरं परिरक्षक आहे. तेच कोकमात चालेल का, त्यांनी विचारलं. हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा त्यांनाच प्रयोगशाळेत बोलावलं.

दोन परीक्षानळ्या, दोन्हींत पातळ केलेला कोकमाचा रस, लालभडक. एकीत चिमूटभर केएमएस. हलवलं. काकूंच्या डोळ्यांदेखत रंग उतरत गेला आणि विटकरी पिवळट पाणी उरलं. सल्फाइट लाल रंगद्रव्याच्या रेणूला जाऊन चिकटतं आणि त्याची प्रकाश शोषायची रचनाच मोडते. मग तीव्र आम्लाचे थेंब टाकले, नाक झोंबवणारा सल्फर डायऑक्साइड सुटला आणि लाली बरीचशी परतली. काकूंनी ती नळी दोनदा करायला लावली.

कोकम, जांभूळ, करवंद यांना बेन्झोएट, कैरी-लिंबासारख्या फिक्या रंगाच्या फळांना केएमएस, हा फळप्रक्रियावाल्यांचा जुना रिवाज आहे, त्याचं कारण त्या नळीत होतं. केएमएस पन्हं काळवंडू देत नाही हा त्याचा आणखी एक गुण. मात्र दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून बाटलीवर २२४ लिहायचंच.

त्याच बैठकीत २२ नंबरच्या बाटलीचं सांगितलं. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ती बाटली मी भाचीकडे देणार होते.” उठून जाताना पिशवीत घेतलेली बाटली त्यांनी आमच्या टेबलावर परत ठेवली.

१६ मे

फिनॉलच्या शाखेचा दिवस, थोडक्यात. जोसेफ लिस्टरने १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात, गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची, म्हणजे फिनॉलची पट्टी बांधली. तोवर असा पाय बहुधा कापावा लागे. या मुलाचा सहा आठवड्यांत जुळला. फिनॉल त्वचेला भाजतं, म्हणून पुढे त्याचे सौम्य भाऊ आले, क्लोरोझायलेनॉल त्यांतलं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून डेटॉल पाण्यात पडलं की दुधाळ होतं. तो पांढरेपणा म्हणजे तेलाचे अतिबारीक थेंब.

एक प्रयोग घरी उपयोगी पडेल असा: सॅव्हलॉनमधल्या सेट्रिमाइडच्या रेणूवर धन भार, साबणाच्या रेणूवर ऋण. साबणाच्या पाण्यात सॅव्हलॉन ओतलं, गढूळ होऊन दह्यासारखा चोथा तरंगला. दोघंही निकामी. जखम साबणाने धुतली तर तो साबण भरपूर पाण्याने काढून टाकायचा आणि मगच सॅव्हलॉन.

२१ मे

काकूंच्या पडवीत नवा घाणा. सालं एक भाग, साखर दोन भाग, पूर्वीसारखी. पाकातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला होता: जुन्या बाटलीचा पाक ५४ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण ५४ ग्रॅम साखर, नवा ६६. गोड कमी हवं असेल तर पिताना पाणी जास्त घाला, असं लेबलवर छापायचं ऋतुजाने सुचवलं आणि ते काकूंना एकदम पटलं.

गाळलेला पाक बरोबर १० किलो. ६ ग्रॅम सोडियम बेन्झोएट निदाने प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलून पुडीत आणलं होतं. ते वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवलं. सोहम लाकडी उलथन्याने पातेलं ढवळत राहिला, काकूंनी बारीक धार धरली. धार पडते तिथे क्षणभर पांढरी झाक यायची आणि फिरत्या पाकात विरून जायची. धार थांबल्यावरही दहा मिनिटं ढवळलं. तळाला बोट लावून बघितलं, कण नाही. आठ बाटल्या भरल्या, काचेच्या, उकळलेल्या.

बिया टोपलीत वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, कोकमतेलासाठी. थंडीत टाचांच्या भेगांना ते तेल लावतात, त्याची मेदाम्लं हा पुढच्या वर्षीचा प्रकल्प करावा असं मनात आलंय.

९ जून

परवापासून पाऊस धरलाय. १ आणि ८ नंबरच्या बाटल्यांतून ५०-५० ग्रॅम काढून टायट्रेशन. किलोमागे ६०० मिलिग्रॅमला ४.२ मिलि यायला हवेत. नरसाळं आज सोहमनेच फिरवलं, पाळणा हलवावा तसं, फेस अजिबात नाही.

१ नंबर: ४.१. ८ नंबर: ४.१.

निदाने दोन्ही रीडिंगं लाल शाईने लिहिली. काकू दारात छत्री निथळत उभ्या होत्या, आकडे सारखे आहेत एवढं बघून गेल्या. त्यांनी कुडाळच्या बाजारातून छोटा डिजिटल काटा घेतलाय, तो बरोबर तोलतो का ते तपासायला आमची वजनपेटी उद्या त्यांच्याकडे न्यायची आहे.